तिथी कळणारं वेळापत्रक

1 जून ते 31 जुलै. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते ती हे 61 दिवस, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात वर्षभर साठलेली दुरुस्ती उरकायची तीही याच दिवसांत. शाफ्ट काढायचे, पंख्याची वाकलेली पाती सरळ करायची, फळ्यांच्या फटी भरायच्या, इंजिन खोलायचं. प्रत्येक नाखव्याला मेस्त्री आजच हवा असतो. तिथल्या एका दुरुस्ती यार्डात सुट्या भागांचा साठा आणि कामांचा क्रम आता संगणक लावतो, असं कानावर आल्यावर संपादकांनी मला तिकडे पाठवलं.

हे गणित मुळात कारखान्यांचं. माल एका वेळी किती मागवावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये मांडलं. एकमेकांवर अडलेल्या शेकडो कामांचं वेळापत्रक बसवणारी ‘पर्ट’ पद्धत अमेरिकी नौदलाने 1958 मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी घडवली. यार्डाने विकत आणलेला प्रोग्राम याच घराण्यातला.

मी रेंगाळले ती त्यातल्या एका रकान्यापाशी. स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी तो मागाहून घालून घेतला आहे. त्याचं नाव ‘तिथी’. बोट उतारावर ओढायची किंवा परत सोडायची, तर भरतीचं पाणी पुरेसं चढायला हवं. मोठ्या बोटीला लागतं तेवढं पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं. तेव्हा बोट कितीही तयार असो, जागची हलत नाही. अख्ख्या बंदीत उधाणं मिळतात जेमतेम चार. प्रोग्रामला रविवारची सुट्टी कळत होती, षष्ठी कळत नव्हती. त्याने बोट सोडायला काढून दिलेली पहिलीच तारीख भांगातली निघाली.

कोकणात भरतीची वेळ काढतात ती तिथीची पाऊणपट करून: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ताईंनी हा हिशेब प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्या मुलाला समोर बसवून शिकवला. आता बोट सोडायचा दिवस आधी उधाणावर ठरतो आणि तिथून उलटं मोजत बाकीचं लागतं. रंग कधी, शाफ्ट लेथवर कधी, त्यासाठी सुकाणू कधी उतरवायचं, ऑइल सील मुंबईहून कधी मागवायचं. इतकं स्वच्छ काम मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

मेस्त्रींनीही त्यात एक दुरुस्ती सुचवली. पूर्वी बोट पाण्यात गेली की प्रोग्राम त्यांना मोकळं करून दुसऱ्या बोटीवर पाठवायचा. पण इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे शेवटचं तपासायचं ते पाण्यातच. कोरड्यावर लाकूड आकसतं, पाण्यात फळ्या फुगतात आणि कोरड्यावर जुळवलेली रेषा किंचित सरकते. ती तशीच सोडली तर शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग खातो. म्हणून बोट सोडल्यानंतरही मेस्त्री तिच्याच नावावर राहतात.

साठ्याचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्रपाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर घ्या. एरवी तो कधीतरी एखादा जातो आणि जुलैत सगळ्यांना एकदम लागतो. वर्षाची सरासरी इथे निरुपयोगी. मागच्या जुलैकडे बघून मागवावं, तर मधल्या वर्षात कुणी इंजिन बदललेलं असतं. त्यात वस्तूंची नावं. अनेक बोटींत ट्रकचंच इंजिन समुद्रासाठी बदलून बसवलेलं असतं आणि त्याचे भाग डबा फेकून, नंबराशिवाय येतात. एकच इम्पेलर एका बिलात ‘पंपाचा रबर’, दुसऱ्यात ‘फुली’, तिसऱ्यात नुसता ‘लेलँड’. पडद्यावर साठा शून्य, फळीवर तीन नग. त्या शून्यावर विसंबून एका नाखव्याची बोट उधाण चुकली आणि पुढचं उधाण येईपर्यंत खलाशी बसून राहिले.

दुसरी अडचण लाकडाच्या पोटात आहे. फळी काढल्याशिवाय आतलं लाकूड किती कुजलं आहे ते दिसत नाही आणि प्रोग्रामला दिवस आधी सांगावे लागतात. मेस्त्री हातोडीने ठोकून आवाजावरून अंदाज देतात. तो आकडा चुकला की पुढची साखळी सगळी ढळते. ‘उघडून पाहणे’ हे वेगळं काम म्हणून नोंदवायचं आणि पुढचे दिवस त्यानंतर भरायचे, असं आता ठरलं आहे. नाखव्यांना ते रुचत नाही, त्यांना तारीख पहिल्याच दिवशी हवी असते. मला मेस्त्रींचं म्हणणं पटतं.

उधारीही आहेच. माल जुलैत जातो, पैसे मासळी लागल्यावर येतात, आणि तोवर पुढची मागणी अडते. त्याला संगणकाकडे उत्तर नाही.

नावांच्या गोंधळाला मात्र उत्तर आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय बंदरापासून जवळच आहे, अभियांत्रिकी शिकणारी मुलं शहरात आहेत. एका पावसाळ्यात त्यांनी मेस्त्रींसोबत बसून बोटीच्या सुट्या भागांची मराठी यादी करावी: बंदरातलं नाव, कंपनीचा नंबर, माप आणि फोटो. ती यादी हर्णैपासून मालवणपर्यंत सगळ्या यार्डांना फुकट खुली ठेवावी. पुढच्या जूनच्या आत हे होऊ शकतं.