गोंदियाचे विमान आणि मोहाडीचा प्रवासी

मोहाडीकराला दोन विमानतळ जवळजवळ सारखेच पडतात. भंडाऱ्यावरून गेले की नागपूर, तुमसर-तिरोडा करत गेले की गोंदियाचा बिरसी. दोन्हीकडे घरातून निघून दीड-दोन तास धरावे लागतात. तरी हैदराबादला नोकरीवर परतणारा मुलगा असो की उमराहला निघालेले वडीलधारे, बहुतेक जण नागपूरचाच रस्ता धरतात. बिरसीचे नाव काढले की घरात पहिला प्रश्न येतो, "तिथलं विमान सध्या सुरू आहे का?"

प्रश्न रास्त आहे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 च्या सुमारास बांधली. पुढे ती लांब-रुंद झाली, आज तिची लांबी सुमारे 2300 मीटर आहे. वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तिथे आली आणि शिकाऊ विमाने कामठ्याच्या आकाशात घिरट्या घालू लागली. धावपट्टीलगतच्या घरांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला, हेही विसरू नये. एवढे सगळे होऊनही तिकीट काढून बसावे असे विमान उडाले ते 13 मार्च 2022 रोजी. फ्लायबिग कंपनीची ती इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा काही महिन्यांतच थांबली. त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोने हैदराबाद-गोंदिया विमान सुरू केले. मधल्या काळात टर्मिनल होते, धावपट्टी होती, कर्मचारी होते. विमान तेवढे नव्हते.

असे का होते? 2016 मध्ये केंद्र सरकारने लहान शहरांसाठी 'उडान' योजना आणली. विमानातल्या साधारण निम्म्या जागांचे भाडे बांधून द्यायचे, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला 2500 रुपये, आणि कंपनीची तूट तीन वर्षे भरून द्यायची. या पैशातला मोठा वाटा मोठ्या मार्गांवरील विमानांवर लावलेल्या अधिभारातून येतो, उरलेला राज्य देते. फ्लायबिगची सेवा याच योजनेतली होती. पण अनुदान मिळाले तरी विमान भाड्याने घ्यावे लागते, वैमानिक ठेवावे लागतात. लहान कंपनीकडे मोजकीच विमाने असतात. त्यातले एक दुरुस्तीला गेले की बंद पडतो तो गोंदियासारखा मार्ग.

आता प्रवाशांचा हिशेब पाहू. इंडिगोच्या एटीआर विमानात 78 जागा असतात. रोज एक येणे आणि एक जाणे धरले तर वर्षाला जवळपास 57 हजार जागा झाल्या. त्यातल्या तीन-चतुर्थांश भरायच्या म्हटले तरी दररोज साठेक माणसे जाणारी हवीत आणि तेवढीच येणारी. गोंदिया-भंडाऱ्यात भाताच्या गिरण्या आहेत, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, शेजारी बालाघाट आहे. नागझिरा आणि कान्हा पाहायला बाहेरून लोक येतात, पण पावसाळ्यात जंगल बंद असते. म्हणजे माणसे आहेत, ती रोज सारखी नाहीत. लग्नसराईत आणि ईद-दिवाळीला जागा मिळणार नाही, आणि ऐन जुलैत विमान निम्मे रिकामे जाईल.

शिवाय रेल्वेशी गाठ आहे. विदर्भ एक्सप्रेस दुपारी गोंदियाहून निघते आणि सकाळी मुंबईत पोहोचवते, मुक्कामाचा खर्चही वाचतो. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली, ती सव्वासात तासांच्या आसपास घेते. चार माणसांच्या कुटुंबाला विमानाचे तिकीट परवडायचे तर वेळेची खरीच निकड हवी.

राज्यातली दोन उदाहरणे बोलकी आहेत. नांदेड-हैदराबाद हे 'उडान'च्या अगदी पहिल्या दिवशी, 27 एप्रिल 2017 ला निघालेले विमान. पुढे ते चालवणारी ट्रूजेट कंपनीच बसली आणि नांदेडला काही काळ विमानाविना राहावे लागले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला आणि टिकला, कारण तिथे दर्शनाला येणारा माणूस बारमाही आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल 2025 मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले, त्याची परीक्षाही हीच राहणार.

माझ्या मते गोंदियाने दहा शहरांची स्वप्ने पाहण्यापेक्षा एक मार्ग रोज, ठरल्या वेळेला चालवावा. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या विमानावर व्यापारी भरवसा ठेवत नाही. हैदराबादची वेळ अशी हवी की तिथून पुढचे विमान त्याच दिवशी मिळेल. आणि बिरसीहून गोंदिया स्थानकापर्यंत बस हवी. विमानतळावर उतरून मोटारीला हजार-दोन हजार मोजावे लागले तर स्वस्त तिकिटाचा काय उपयोग?

आपल्या घरांपुरते काही सांगते. हजला जाणाऱ्यांची रवानगी हज कमिटीच्या केंद्रावरून होते, नागपूर हे त्यातले एक. तिथे बिरसीचा संबंध येत नाही. उमराहला किंवा आखातात निघालेल्यांना नागपूरहून दोहा आणि शारजा या वाटा आहेत. कोणी गोंदिया-हैदराबाद आणि हैदराबाद-जेद्दा अशी दोन वेगळी तिकिटे काढली, तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पहिले विमान रद्द झाले तर ती कंपनी दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे देईल, पण चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी तिची नसते. म्हणून मध्ये एक मुक्काम ठेवा. सामानाचेही तसेच. देशातल्या विमानात साधारण 15 किलो चालते. जेद्दाहून भरून आणलेल्या बॅगांना हैदराबादला जादा पैसे भरावे लागतील. ऑपरेशनची तारीख किंवा नोकरीची मुलाखत असेल तर दिवसाला एकच विमान असलेल्या मार्गावर आदल्या दिवशीच निघावे.

दहावीच्या मुलामुलींचे अम्मी-अब्बा विचारतात म्हणून तेही लिहिते. वैमानिक व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, वैद्यकीय चाचणी लागते, 200 तासांचे उड्डाण लागते, आणि खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. विमान वाहतूक नियंत्रकाची परीक्षा मात्र भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी झालेल्यांना देता येते, ती सरकारी भरती आहे. मुलींनी तर जरूर पाहावी. गणित अवघड म्हणून दहावीनंतर सोडून देण्याआधी एवढे लक्षात ठेवा.