वासाला अर्थ चिकटतो तेव्हा

मधमाशीच्या स्पर्शिकांना साखरपाणी लागलं की ती सोंड बाहेर काढते. साखरेच्या जरा आधी एखादा वास दिला, तर थोड्याच वेळात ती नुसत्या वासालाही सोंड काढू लागते. 1993 साली बर्लिनमध्ये मार्टिन हामर यांनी यातली साखरच काढून टाकली. वास दिला आणि साखरेऐवजी मधमाशीच्या मेंदूतली एकच चेतापेशी विजेने चेतवली. पुढे तो वास आला की सोंड हलवणारे स्नायू काम करू लागले. मधमाशीने न चाखलेली साखर लक्षात ठेवली होती. ही पेशी ऑक्टोपामिन सोडते. पाच वर्षांनी हामर आणि रांडॉल्फ मेंत्सेल यांनी पेशीलाही वगळलं आणि ते रसायन थेट मेंदूत सोडलं, तरी मधमाशी शिकली.

या प्रयोगाने एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘वास कोणता’ ही बातमी एका वाटेने येते, ‘तो बरा की वाईट’ ही दुसऱ्या. या वाटा कुठे आणि कशा मिळतात, याचा सर्वांत बारकाईचा शोध मात्र पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीत लागला.

तिच्या स्पर्शिकांतून निघालेले तंतू मेंदूच्या पुढच्या भागात सुमारे पन्नास लहान गोलकांत येऊन थांबतात. तिथून दर बाजूच्या दीडशेक पेशी ती बातमी मश्रूम बॉडी नावाच्या भागाकडे नेतात. हा भाग 1850 साली फ्रान्सच्या फेलिक्स द्युजार्दँ यांनी प्रथम वर्णिला. माशीत त्याच्या एका बाजूला सुमारे 2,000 केन्यॉन पेशी असतात, मधमाशीत 1,70,000 च्या आसपास. प्रत्येक केन्यॉन पेशी सहासात गोलकांचं ऐकते, आणि ते सहासात कोणते याला काही नियम दिसत नाही, असं रिचर्ड अ‍ॅक्सल यांच्या प्रयोगशाळेने 2013 मध्ये दाखवलं. एका वासाला यातल्या फार तर दहा टक्के पेशी जाग्या होतात. बाकीच्यांना एक मोठी पेशी दाबून ठेवते. ही काटकसर फार मोलाची आहे. तिच्यामुळे जवळजवळचे दोन वासही वेगवेगळ्या पेशींवर नोंदले जातात आणि एकाची आठवण दुसऱ्यात मिसळत नाही.

नोंद टिकते कशी, याचं उत्तर विसराळू माश्यांनी दिलं. कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत 1974 मध्ये माश्यांना एका वासाबरोबर विजेचा झटका देऊन तो वास टाळायला शिकवलं गेलं. दोन वर्षांनी ‘डन्स’ ही न शिकणारी माशी सापडली. तिच्यात पेशीतल्या सायक्लिक एएमपी या निरोप्या रसायनाची विल्हेवाट लावणारं विकर बिघडलं होतं. पुढे सापडलेल्या ‘रुटाबागा’ माशीत तेच रसायन तयार करणारं विकर बिघडलेलं निघालं. म्हणजे रसायन साचून राहिलं तरी आठवण बिघडते, पुरेसं झालं नाही तरी बिघडते.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणं वाटतं ते हे दुसरं विकर. वासामुळे पेशीत शिरलेलं कॅल्शियम आणि झटक्यामुळे आलेल्या डोपामिन या रसायनाचा संदेश, दोन्ही जवळपास एकाच वेळी पोचले तरच ते जोमाने कामाला लागतं. दोन घटनांची सांगड घालण्याचं काम इथे एक रेणू करतो. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वास आणि मग झटका असेल तर माशी तो वास टाळते. झटका संपल्यावर वास आला तर पुढे ती त्याच्याकडे ओढली जाते, जणू तो सुटकेचा वास.

स्मृतीच्या आधी वास कळावा लागतो, आणि त्या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे तो पुरेसा सांगितला जात नाही, याची मला खंत आहे. ओबैद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे बेंझर यांच्यासोबत काम करून ते माशीकडे वळले. त्यांच्याकडे संशोधनाला आलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज या केनियात जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या. काही ठरावीक वास न ओळखणाऱ्या माश्या या दोघांनी वेगळ्या काढल्या; त्यांचा 1978 चा निबंध या विषयातल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक आहे. वेगवेगळ्या वासांना मेंदूचे वेगवेगळे भाग जागे होतात हेही रॉड्रिग्ज यांनी पुढच्या दशकात दाखवलं. अ‍ॅक्सल आणि लिंडा बक यांना घ्राणेंद्रियावरच्या कामासाठी 2004 मध्ये नोबेल मिळालं, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम.

डोपामिनबद्दल बरीच वर्षं एक सोपी मांडणी चालली: शिक्षा म्हणजे डोपामिन, बक्षीस म्हणजे ऑक्टोपामिन. 2003 च्या प्रयोगांनी तिला बळ दिलं. मांडणी सुबक होती, म्हणूनच ती टिकली असावी. 2012 मध्ये कळलं की माशीत साखरेचं बक्षीसही शेवटी डोपामिनच पोचवतं, फक्त ते सोडणाऱ्या पेशी वेगळ्या. मश्रूम बॉडीचे पंधरा कप्पे आहेत. काहींत डोपामिन पडलं की शिक्षा, काहींत पडलं की बक्षीस. रसायन तेच, अर्थ ठरतो कप्प्यावरून.

आणि शिकताना घडतं काय? बहुतेक वेळा जोड घट्ट होत नाही, सैल होते. दर कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या मोजक्या पेशी माशीला ‘जा’ किंवा ‘टाळ’ सांगत असतात. झटका बसला की त्या वासाच्या केन्यॉन पेशींचा ‘जा’ म्हणणाऱ्या पेशीवरचा प्रभाव कमी होतो, आणि उरलेलं ‘टाळ’ वरचढ ठरतं.

ही नोंद दिवसांवर टिकवायची तर मधे विश्रांती देत पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं, नवी प्रथिनं बनावी लागतात, आणि ते महाग पडतं. उपाशी माशीचा मेंदू झटक्याची अशी दीर्घ आठवण बनवायचं बंद करतो. 2013 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी तिला ते करायला भाग पाडलं, तेव्हा ती लवकर मेली.

विसरण्याचं कामही डोपामिनकडेच आहे. शिकून झाल्यावर त्याच पेशी थोडं थोडं डोपामिन सोडत राहतात आणि ते दुसऱ्या ग्राहीवर बसून आठवण झिजवतं. रॉन डेव्हिस यांच्या गटाने 2012 मध्ये या पेशी शिकण्यानंतर बंद केल्या, तर माश्यांची आठवण जास्त टिकली. झोपेत या पेशी आपणहून मंदावतात. शिकल्यावर झोपू दिलेल्या माश्यांच्या लक्षात तो वास अधिक काळ राहतो.