अंकांची उलटापालट

इंदुरात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा एकाच देवनागरी लिपीत नांदतात. अंकांच्या बाबतीत मात्र संगणक या दोहोंत भेद करतो. त्यातून उद्भवणारी एक अडचण भाषेच्या अध्यापकांनीही जाणून घेण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

संगणकाची आज्ञावली वापरणाऱ्याच्या पसंती, म्हणजे अक्षराचा आकार, समासाची रुंदी इत्यादी, एका धारिकेत लिहून ठेवते आणि पुन्हा सुरू होताना त्या वाचते. लिहिणारी व वाचणारी एकच असल्यामुळे येथे घोटाळा संभवू नये. पण ती ज्या पायावर उभी असते, त्याची आवृत्ती बदलली म्हणजे निराळेच घडते.

समजा, एखाद्या ग्रंथालयाची सूची ‘जावा’ या व्यवस्थेवर रचलेली आहे. २०१४ साली निघालेल्या आठव्या जावात भारतीय हिंदीचे अंक देवनागरी होते; मराठीची माहितीच नसल्याने मराठी निवडणाऱ्यास आंतरराष्ट्रीय अंक मिळत. २०१७ च्या नवव्या आवृत्तीने युनिकोड संघाचा भाषाविषयक माहितीसंग्रह प्रमाण मानला, आणि हिंदीस आंतरराष्ट्रीय तर मराठीस देवनागरी अंक लाभले. मराठीस उशिरा का होईना, न्याय मिळाला म्हणावयाचे! परंतु पसंतीची धारिका हे काही वाचकाच्या डोळ्यांसाठी छापलेले पान नव्हे.

मौज अशी की, ‘१२’ हा देवनागरी पूर्णांक जावा बिनतक्रार वाचते, ‘१२.५’ हा दशांश अपूर्णांक मात्र तिचे साधे वाचनसूत्र नाकारते. त्यामुळे अक्षराचा आकार पूर्णांकात असेतो दोष झाकलेला राहतो, आणि कोणी अर्ध्याने वाढविताच सूची उघडेनाशी होते. आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नसल्याने दोषाचा शोध भलतीकडेच चालतो.

यास उपाय म्हणजे धारिकेत लिहिताना भाषानिरपेक्ष रूप स्पष्टपणे मागावे व देवनागरी अंक पडद्यापुरते राखावेत. धारिकेच्या आरंभी नोंदीच्या रचनेचा आवृत्तिक्रमांकही असावा, म्हणजे जुन्या धारिकांतील अंक ओळखून पालटता येतात. पुष्कळांनी हे न करता जुनीच माहिती वापरण्याची सवलत घेतली. ती सवलत २०२४ च्या तेविसाव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली.