राज्य लॉटरी

राज्य शासनाने योजलेली अशी योजना, की जीत तिकिटे विकून जमलेल्या रकमेचा काही भाग केवळ यदृच्छेने ठरणाऱ्या तिकीटधारकांना बक्षिसांच्या रूपाने वाटला जातो आणि खर्च व कमिशन वजा जाता उरलेला भाग शासनाच्या तिजोरीत जमा होतो. तिकिटाची किंमत, बक्षीस आणि संधी ही लॉटरीची तीन अंगे होत. खेळणाऱ्याच्या कौशल्यास तीत मुळीच वाव नसल्यामुळे विधीच्या दृष्टीने लॉटरी हा जुगाराचाच एक प्रकार ठरतो. शासनाने ती स्वतः चालविल्याने ती दंडनीय राहत नाही, एवढेच. मराठीत ‘सोडत’ हा शब्द लॉटरीसाठी वापरला जात असला, तरी काटेकोरपणे पाहता तो विजयी क्रमांक काढण्याच्या क्रियेचा वाचक आहे. संपूर्ण योजनेला ‘लॉटरी’ हेच नाव रूढ झाले आहे.

चिठ्ठ्या टाकून वस्तू वाटण्याची चाल प्राचीन असली, तरी पैसे घेऊन तिकिटे विकण्याची पद्धत यूरोपात पंधराव्या शतकात नेदर्लंड्स व बेल्जियमच्या प्रदेशातील नगरांनी तटबंदी व गरिबांचे साहाय्य यांकरिता सुरू केली. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने बंदरांच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या लॉटरीची सोडत १५६९ मध्ये झाली. तेथील जुन्या सरकारी लॉटऱ्या १८२६ मध्ये बंद पडल्या. भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कलकत्त्याचे टाउन हॉल (१८१३) लॉटरीच्या पैशातून उभे राहिले, तर १८१७ मध्ये नेमलेल्या लॉटरी समितीने त्या शहरातील अनेक रस्ते बांधून काढले. म्हणजे आधुनिक कलकत्त्याच्या नगररचनेचा काही भाग तरी हरलेल्या तिकिटांवर उभा आहे. पुढे जनमत विरुद्ध गेले, समितीचे काम १८३६ मध्ये संपले आणि १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ घालून शासनमान्य नसलेल्या लॉटरीचे कार्यालय चालविणे हा अपराध ठरविण्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम २९७ म्हणून कायम आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील पहिली राज्य लॉटरी केरळने काढली. खाजगी लॉटऱ्यांवर बंदी घालून त्या राज्याने १९६७ मध्ये स्वतःचे लॉटरी खाते स्थापन केले. त्या वेळचे अर्थमंत्री पी. के. कुंजू यांची ती कल्पना होती. एक रुपया किंमतीच्या तिकिटावर पन्नास हजार रुपयांचे पहिले बक्षीस असलेली पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली. महसुलाइतकाच, तिकिटे विकून अपंग व निर्धन व्यक्तींना रोजगार मिळावा, हाही हेतू तीमागे होता. महाराष्ट्र राज्य लॉटरीची स्थापना १२ एप्रिल १९६९ रोजी झाली. तिची पार्श्वभूमी निराळी आहे. मुंबईत कापसाच्या बाजारभावांतील आकड्यांवर पैसे लावण्याच्या खेळातून साठीच्या दशकात मटका फोफावला होता आणि गिरण्यांतील कामगारांचे पगार त्यात जात होते. सामान्य माणसाला मटक्यापासून परावृत्त करून विश्वासार्ह व माफक किंमतीचा पर्याय द्यावा, असा शासनाचा उद्देश होता. मटका त्यामुळे थांबला नाही; उलट लॉटरीनेच पुढे काही काळ मटक्याचे रूप घेतले.

ते रूप म्हणजे एकअंकी लॉटरी. नव्वदीच्या दशकात अनेक राज्यांच्या नावाने, परंतु प्रत्यक्षात वितरकांच्या हाती, दिवसातून अनेकदा केवळ शून्य ते नऊ यांपैकी एका अंकावर सोडती होऊ लागल्या. निकाल काही मिनिटांत कळत असल्याने हरलेला माणूस तेथेच दुसरे तिकीट घेई. या प्रकारास आळा घालण्यासाठी संसदेने लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ संमत केला. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत (नोंद ४०) शासनांनी चालविलेल्या लॉटऱ्यांचा विषय असल्याने हा अधिकार संसदेचा आहे. पैजा व जुगार हा विषय मात्र राज्यसूचीत (नोंद ३४) येतो. अधिनियमाच्या चौथ्या कलमानुसार एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस देता येत नाही. तिकिटांवर राज्याचे बोधचिन्ह असून ती राज्यानेच छापली पाहिजेत. सोडत राज्यानेच व राज्याच्या हद्दीतच काढली पाहिजे. विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा झाली पाहिजे. एका लॉटरीची आठवड्यातून एकाहून अधिक सोडत असू नये आणि भव्यतम सोडती वर्षातून सहांपेक्षा अधिक होऊ नयेत.

एका राज्याने दुसऱ्या राज्याची तिकिटे रोखावीत काय, हा प्रश्न दीर्घकाळ गाजला. महाराष्ट्राने परराज्यांच्या तिकिटांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द केली. १९९८ च्या अधिनियमाने राज्यांना तसा अधिकार दिला. परंतु जे राज्य स्वतः लॉटरी चालवीत नाही, त्यालाच तो वापरता येईल, असा अर्थ न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. त्यानुसार तमिळनाडूने २००३ मध्ये व कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी पूर्णपणे बंद केली. केरळ, महाराष्ट्र, गोवा, पंजाब, सिक्कीम, नागालँड इ. राज्यांत ती चालू राहिली.

तिकिटावर मालिकेची अक्षरे, क्रमांक, किंमत, सोडतीची तारीख व बक्षिसांचा तपशील छापलेला असतो. सोडत पंचांसमोर व लोकांसमक्ष काढली जाते. शून्य ते नऊ अंक असलेली चक्रे फिरवून किंवा तत्सम यंत्राने एकेक अंक मिळवितात. पहिले बक्षीस पूर्ण क्रमांकास व ठराविक मालिकेस मिळते. तोच क्रमांक इतर मालिकांत असणाऱ्यांना बहुधा उत्तेजनार्थ रक्कम देतात. लहान बक्षिसे क्रमांकाच्या शेवटच्या चार वा तत्सम अंकांवर ठरतात. न विकल्या गेलेल्या तिकिटास पहिले बक्षीस लागल्यास काय करावे, याचे नियम निरनिराळे आहेत. केरळमध्ये विकल्या गेलेल्या तिकिटालाच ते मिळेल अशी व्यवस्था असते.

खेळणाऱ्याच्या दृष्टीने या व्यवहाराचे गणित साधे आहे. समजा, २० रुपयांची पाच लाख तिकिटे विकून एक कोटी रुपये जमले व त्यांपैकी निम्मे, म्हणजे ५० लाख रुपये, बक्षिसांत वाटले. तर सरासरीने एका तिकिटाचे मोल दहा रुपये होते. पहिले बक्षीस दहा लाखांचे असेल, तर त्याचा या मोलातील वाटा केवळ दोन रुपयांचा. दर आठवड्यास एक तिकीट घेणाऱ्याने असे पहिले बक्षीस सरासरीने एकदा मिळावे म्हणून सु. ९,६०० वर्षे खेळावे लागेल. ‘एका अंकाने हुकले’ हा अनुभव मात्र दुर्मिळ नाही. कोणत्याही सहा अंकी क्रमांकाशी केवळ एका अंकाने भिन्न असे ५४ क्रमांक संभवतात, आणि शेवटचा अंक चुकला की पहिला, याने यदृच्छेला काहीच फरक पडत नाही. मागील सोडतींचे निकाल मांडून पुढील अंक काढून देणारे तक्ते बाजारात विकले जातात; प्रत्येक सोडत स्वतंत्र असल्याने ते निरुपयोगी होत.

शासनाला होणारा लाभही वरवर दिसतो तेवढा नसतो. अर्थसंकल्पात लॉटरीची एकूण विक्री संकीर्ण सर्वसाधारण सेवा या जमा शीर्षाखाली (००७५) दाखवितात, तर बक्षिसे, छपाई व कमिशन खर्च शीर्षाखाली (२०७५) येतात. त्यामुळे जमेचा आकडाच पाहणाऱ्यास ठोकळ विक्री हाच नफा वाटण्याचा संभव असतो. काही राज्यांनी निव्वळ उत्पन्न विशिष्ट कामाशी जोडले आहे. केरळमध्ये २०११ पासून ‘कारुण्य’ लॉटरीचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचारासाठी राखले गेले. तिकिटावरील वस्तू व सेवा कराचा दर १ मार्च २०२० पासून सर्वत्र २८ टक्के होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा भार अखेर तिकिटाच्या किंमतीवर, बक्षिसांवर किंवा विक्रेत्याच्या कमिशनावर पडतो.

बक्षिसाची मागणी : लॉटरीतील सर्वांत नाजूक भाग हाच होय. तिकीट म्हणजे नेमके काय, याविषयी न्यायालयांतही मतभेद झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तिकिटात सोडतीत भाग घेण्याचा व बक्षीस मिळण्याचा असे दोन हक्क पाहून पहिल्याला विक्रीयोग्य माल मानले; २००६ मध्ये मात्र तो भेद अमान्य करून, तिकीट हा माल नसून दावा करून मिळविता येणारा हक्क आहे, असे ठरविले. खरेदीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याचा सारा हक्क त्या कागदात साठविलेला असतो. विक्रीच्या वेळी नाव नोंदले जात नाही. जो मूळ तिकीट हजर करील त्यालाच बक्षीस मिळते. क्रमांक पाठ असणे, छायाप्रत जवळ असणे किंवा विक्रेत्याची साक्ष असणे यांपैकी कशानेही हरवलेल्या तिकिटाची जागा भरून निघत नाही. म्हणून तिकीट घेताच त्याच्या मागील बाजूस नाव व पत्ता लिहून सही करावी, असे सांगितले जाते. फाटलेले, क्रमांक पुसट झालेले वा खाडाखोड असलेले तिकीट नाकारले जाऊ शकते. चलनी नोट फाटली तर बँक ती बदलून देते. लॉटरीच्या तिकिटाला तेवढाही आधार नाही.

केरळात २०२१ मध्ये घडलेल्या एका घटनेत हे स्पष्ट झाले. एका विक्रेत्या स्त्रीने दूरध्वनीवर सांगितल्यावरून एका माळ्यासाठी तिकीट उधारीवर बाजूला काढून ठेवले. पैसे दिलेले नव्हते, तिकीट तिच्याच ताब्यात होते आणि त्याला सहा कोटी रुपयांचे बक्षीस लागले. तिने त्याच्या घरी जाऊन, तिकिटाची किंमत घेऊन ते त्याच्या हवाली केले. तिने ते स्वतःचे म्हणून हजर केले असते, तर त्या माळ्याजवळ कागदोपत्री पुरावा असा जवळजवळ काहीच नव्हता. अनेकांनी मिळून घेतलेल्या तिकिटाबाबतही हीच अडचण संभवते. २०२३ मध्ये परप्पनंगडी नगरपालिकेत कचरा गोळा करणाऱ्या अकरा स्त्रियांनी वर्गणी काढून घेतलेल्या २५० रुपयांच्या तिकिटास दहा कोटींचे बक्षीस लागले. अशा वेळी कोणाचा किती वाटा, हे सोडतीपूर्वीच लिहून सर्वांनी सह्या केलेल्या असणे इष्ट होय.

निकाल वृत्तपत्रांत छापले जात असले, तरी त्यांत मुद्रणदोष संभवतात; प्रमाण मानावयाचा तो शासनाने प्रसिद्ध केलेला निकाल. लहान रकमा विक्रेत्याकडूनच मिळतात (केरळमध्ये पाच हजार रुपयांपर्यंत). मोठ्या रकमेसाठी मूळ तिकीट, मागणी अर्ज, साक्षांकित छायाचित्रे, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, आयकर खात्याचा स्थायी लेखा क्रमांक आणि महसूल मुद्रांक लावून सही केलेली पावती लॉटरी कार्यालयाकडे स्वतः किंवा बँकेमार्फत द्यावी लागते. महाराष्ट्र राज्य लॉटरीचे कार्यालय नवी मुंबईत वाशी येथे आहे. तिकीट देण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत व नंतर दिनांकित पोच घेणे, हा उपचार कंटाळवाणा वाटला, तरी टाळू नये. कार्यालय तिकिटावरील गुप्त खुणा व विक्रीची नोंद तपासून मगच रक्कम मंजूर करते.

जाहीर झालेली रक्कम व हातात पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. १९७२ च्या वित्त अधिनियमापूर्वी लॉटरीचे बक्षीस नैमित्तिक प्राप्ती म्हणून आयकरमुक्त असे. तेव्हापासून ते करपात्र आहे. दर सरसकट ३० टक्के असून त्यावर अधिभार व उपकर पडतो. दहा हजार रुपयांवरील बक्षिसातून कर आधीच कापून घेतात. हरलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही आणि अन्य उत्पन्न नसलेल्यासही किमान करमुक्त मर्यादेचा लाभ मिळत नाही. उदा., केरळच्या २०२२ च्या ओणम भव्यतम सोडतीतील २५ कोटींच्या पहिल्या बक्षिसातून विक्रेत्याचे दहा टक्के, म्हणजे अडीच कोटी, वजा होऊन २२.५० कोटी उरतात. त्यावर ३० टक्के कर कापल्यावर १५.७५ कोटी विजेत्यास मिळतात. अधिभार व उपकर त्याने पुढे विवरणपत्र भरताना द्यावयाचा असतो, आणि तोवर रक्कम खर्चून बसलेल्यास ही मागणी अनपेक्षित वाटते. विजेत्यास जादा पैसे देऊन बक्षीसपात्र तिकीट विकत घ्यावयाचे व आपले बेहिशेबी धन लॉटरीचे उत्पन्न म्हणून दाखवावयाचे, हा गैरव्यवहारही तिकीट निनावी असल्यामुळेच शक्य होतो.

न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागू शकत नाही. परदेशी लॉटरी लागल्याचे कळवून ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारे संदेश सरसकट फसवणुकीचे असतात. विदेशी चलनविषयक नियमांनुसार (२०००) लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठविण्यासही मनाई आहे.

मागणीची मुदत प्रत्येक राज्य ठरविते व ती तिकिटावर छापलेली असते. बक्षिसे सणासुदीच्या भव्यतम सोडतींत परगावच्या खरेदीदारांना लागतात, तिकिटे जुन्या कपड्यांत वा पंचांगात राहून जातात, आणि शेवटचे चार अंक जुळलेली लहान बक्षिसे तर अनेकांच्या लक्षातही येत नाहीत. मुदतीत न मागितलेली रक्कम १९९८ च्या अधिनियमानुसार राज्य शासनाच्या मालकीची होते.