सरदार सरोवर जलविद्युत प्रकल्प आणि नंदुरबार जिल्हा : वीज, पाणी व जमीन यांचा हिशेब

प्रास्ताविक

नर्मदा नदीवरील सरदार सरोवर धरण गुजरात राज्यात केवडियाजवळ उभे आहे. परंतु त्याच्या जलाशयाचा मोठा भाग धरणाच्या वरच्या बाजूस महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत पसरलेला आहे. महाराष्ट्रात हा फुगवटा केवळ एका जिल्ह्यापुरता मर्यादित आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील 9 आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यातील 24 अशी एकूण 33 गावे त्यामुळे बाधित झाली. जिल्ह्याची निर्मिती 1 जुलै 1998 रोजी झाली. त्यापूर्वी हा प्रदेश धुळे जिल्ह्यात असल्याने जुन्या शासकीय कागदपत्रांत या गावांचा उल्लेख धुळे जिल्ह्यातील म्हणूनच आढळतो. प्रकल्पाविषयी मराठीत विपुल लेखन झाले असले तरी त्यातील बहुतांश लेखन आंदोलन व न्यायालयीन लढा यांभोवती फिरते. या प्रकल्पातून महाराष्ट्राला नेमके काय मिळावयाचे होते, ते कोणत्या तत्त्वाने ठरले आणि त्याच्या मोबदल्यात सातपुड्यातील कोणती जमीन गेली, या प्रश्नांची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

महाराष्ट्राच्या हिश्श्याची पार्श्वभूमी

धरणाची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 5 एप्रिल 1961 रोजी बसविण्यात आली. त्या वेळची योजना आजच्या धरणाहून बरीच लहान होती. पुढे गुजरातने उंच धरणाचा आग्रह धरला आणि 1965 मध्ये खोसला समितीने 500 फूट पातळीच्या धरणाची शिफारस केली. त्याच वर्षी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांनी जलसिंधी येथे संयुक्त जलविद्युत प्रकल्प उभारण्याचा करार केला होता. नवागाम येथे उंच धरण झाल्यास जलसिंधीची जागाच पाण्याखाली जाणार होती. महाराष्ट्राचा या तंट्यातील मूळ स्वारस्याचा विषय सिंचन नसून वीज होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

ऑक्टोबर 1969 मध्ये स्थापन झालेल्या नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर 1979 मध्ये अंतिम निवाडा दिला. जलाशयाची पूर्ण संचय पातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर, निश्चित झाली. वापरयोग्य 28 दशलक्ष एकर फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला 0.5 आणि महाराष्ट्राला 0.25 असे वाटप झाले. महाराष्ट्राचा पाण्यातील वाटा अशा रीतीने एक टक्क्याहूनही कमी आहे. विजेच्या बाबतीत मात्र मध्य प्रदेश 57, महाराष्ट्र 27 व गुजरात 16 टक्के असे प्रमाण ठरले. एकूण स्थापित क्षमता 1,450 मेगावॅट असल्याने महाराष्ट्राच्या वाट्याला कागदोपत्री सुमारे 391 मेगावॅट येतात.

विजेचे गणित

‘कागदोपत्री’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला आहे. प्रकल्पात दोन स्वतंत्र वीजगृहे आहेत. नदीपात्रातील भूमिगत वीजगृहात प्रत्येकी 200 मेगावॅटची 6 जनित्रे, तर मुख्य कालव्याच्या मुखाशी प्रत्येकी 50 मेगावॅटची 5 जनित्रे आहेत. जलविद्युत निर्मिती ही पाण्याचा प्रवाह आणि ते पाणी किती उंचीवरून पडते या दोन गोष्टींवर अवलंबून असते. नदीपात्रातील वीजगृहात पाणी सुमारे 100 मीटर खाली उतरते. कालव्याची मुखाशी असलेली पूर्ण पाणीपातळी 91.44 मीटर असल्याने तेथे, जलाशय काठोकाठ भरलेला असतानाही, उपलब्ध पतन सुमारे 47 मीटर एवढेच असते. म्हणजे जे पाणी कालव्यात सोडले जाते त्यापासून, नदीपात्रात सोडलेल्या तेवढ्याच पाण्याच्या तुलनेत, निम्म्याहून कमी वीज मिळते. आणि एकदा कालव्यात गेलेले पाणी नदीपात्रातील टर्बाइनवरून परत नेता येत नाही.

यावरून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. गुजरात व राजस्थानातील कालव्यांचे जाळे जसजसे विस्तारते आणि मध्य प्रदेश आपल्या वाट्याचे पाणी वरच्या धरणांत जसजसे अडवितो, तसतशी नदीपात्रातील वीजगृहाला मिळणारी पाण्याची उपलब्धता घटत जाते. सिंचनाचे यश हेच वीजनिर्मितीच्या घसरणीचे कारण ठरते. ही परिणती योजनेच्या रचनेतच अंतर्भूत आहे. तो अपघात नव्हे. नदीपात्रातील जनित्रे उलट फिरवून खालचे पाणी पुन्हा वर चढविण्याची सोय आहे आणि त्यासाठी खालच्या बाजूस गरुडेश्वर येथे बंधारा बांधण्यात आला. तथापि अशा पद्धतीत चढविण्यासाठी लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा अधिक असते. तिचा उपयोग मागणीच्या ऐन वेळी वीज पुरविण्यासाठी होतो, एकूण उत्पादन वाढविण्यासाठी नाही. पर्जन्यमान कमी असलेल्या वर्षांत चित्र आणखी पालटते. 2018 च्या प्रारंभी जलाशय 110.64 मीटर या किमान पातळीखाली गेला, तेव्हा शिल्लक पाणी पिण्यासाठी व सिंचनासाठी वळविण्यास प्राधान्य मिळाले आणि वीजनिर्मिती मागे पडली.

पाण्याचा अल्प वाटा व सातपुड्याची भिंत

महाराष्ट्राचे 0.25 दशलक्ष एकर फूट, म्हणजे 10.89 अब्ज घनफूट, पाणी प्रमाणाने अल्प असले तरी नंदुरबारसारख्या जिल्ह्याला ते उपेक्षणीय नाही. अडचण भूरचनेची आहे. नर्मदा सातपुड्याच्या उत्तर पायथ्याशी वाहते, तर जिल्ह्यातील सपाट शेतजमीन तळोदा, शहादा व नंदुरबार तालुक्यांत, म्हणजे डोंगरापलीकडे तापीच्या खोऱ्यात आहे. पाणी तेथवर नेण्यासाठी सातपुड्यातून बोगदा काढणे किंवा ते उपसणे, अथवा गुजरातशी अदलाबदल करून तापीवरील उकाई जलाशयाच्या फुगवट्यातून तेवढे पाणी घेणे, असे पर्याय वेळोवेळी विचारात घेण्यात आले. उकाई धरणही गुजरातचेच, 1972 मध्ये पूर्ण झालेले, आणि त्याचाही फुगवटा याच जिल्ह्यात शिरलेला. दोन मोठी जलाशये दोन्ही अंगांनी सीमेवर येऊन थांबावीत आणि त्यांच्या भिंती मात्र शेजारच्या राज्यात असाव्यात, असे उदाहरण महाराष्ट्रात विरळाच.

बुडीत क्षेत्र : नोंद आणि वास्तव

नियोजनातील आकडेवारीनुसार सरदार सरोवराखाली एकूण 37,533 हेक्टर क्षेत्र जाणार होते. त्यापैकी 9,599 हेक्टर, म्हणजे एक चतुर्थांशाहून किंचित अधिक, महाराष्ट्रातील. या 9,599 हेक्टरांत वनजमीन 6,488, लागवडीखालील जमीन 1,519 व इतर 1,592 हेक्टर अशी विभागणी दाखविली आहे. तिन्ही राज्यांतील बुडणाऱ्या 13,385 हेक्टर वनजमिनीचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या नंदुरबार जिल्ह्यातील होता.

हे आकडे जपून वाचावे लागतात. अक्राणी परिसरातील अनेक गावे वनगावे म्हणून नोंदली गेली होती. तेथे जमिनीची रीतसर मोजणी झालेली नव्हती व सातबारा उताराही नव्हता. भिल्ल व पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारांवर ज्वारी, मका, तूर पिकवीत, ती जमीन कागदोपत्री ‘वन’ आणि कसणारा ‘अतिक्रमणधारक’. लागवडीखालील क्षेत्राचा 1,519 हेक्टरांचा आकडा म्हणूनच कसल्या जाणाऱ्या जमिनीचा नसून नोंद असलेल्या जमिनीचा आहे. मोहाची झाडे, चारोळी, डिंक, नदीतील मासे, काठावरची गाळपेर या उपजीविकेच्या साधनांना तर कोणत्याच रकान्यात जागा नव्हती.

लवादाच्या पुनर्वसनविषयक तरतुदी त्या काळाच्या मानाने निश्चितच पुरोगामी होत्या. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदारास किमान 2 हेक्टर सिंचनक्षम जमीन, सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा, आणि बुडिताच्या एक वर्ष आधी पुनर्वसन पूर्ण होणे बंधनकारक. परंतु ज्याच्या नावे खातेच नाही तो ‘खातेदार’ कसा ठरणार? महाराष्ट्रातील ‘घोषित’ व ‘अघोषित’ प्रकल्पग्रस्त हा दीर्घकाळ चाललेला वाद या एका प्रश्नातून जन्मला. न्या. एस. एम. दाऊद यांच्या अध्यक्षतेखाली 2001 मध्ये समिती नेमली गेली व त्यानंतर गावोगाव नव्याने सर्वेक्षण हाती घेण्यात आले. वनहक्क कायदा आला तो 2006 मध्ये; तोवर धरण 121.92 मीटरपर्यंत पोहोचण्याची परवानगी मिळून गेली होती.

पुनर्वसनासाठी जमीन शोधतानाही वनाचाच आधार घ्यावा लागला. तळोदा परिसरातील 2,700 हेक्टर वनजमीन 1990 मध्ये आणि आणखी 1,500 हेक्टर 1994 मध्ये मुक्त करण्यात आली व त्यावर सोमावल, रोझवा आदी वसाहती वसल्या. या जमिनीवर आधीपासून स्थानिक आदिवासींची लागवड होती. विस्थापित आदिवासी आणि तेथील आदिवासी यांच्यात त्यातून निर्माण झालेला ताण हा बुडिताचाच एक परिणाम होय, जरी तो भाग धरणापासून दूर, सातपुड्याच्या दक्षिणेस असला तरी.

फुगवट्याचा आणखी एक परिणाम नकाशावर सहजी दिसत नाही. सातपुड्यातील दऱ्या अरुंद व खोल असल्याने पाणी उपनद्यांच्या मुखातून बोटांसारखे आत शिरते. एखाद्या पाड्याची घरे व शेते पातळीच्या वर राहतात, पण वाट बुडते आणि पाडा टापू बनतो. पातळीच्या निकषावर असे कुटुंब बाधित ठरत नाही. दवाखाना, रेशन, शाळा यांसाठी त्याला नावेवर विसंबावे लागते. आरोग्यसेवेसाठी तरंगता दवाखाना सुरू करावा लागला तो याच कारणाने; आणि जानेवारी 2019 मध्ये मकरसंक्रांतीच्या दिवशी भुषा येथे झालेल्या नौका दुर्घटनेने या जलमार्गाची जोखीमही दाखवून दिली.

बिलगावचा वीजप्रकल्प

विजेच्या हिशेबात एक छोटी नोंद राहून जाते. अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे उदई नदीच्या धबधब्यावर 2003 मध्ये 15 किलोवॅटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. तरुण अभियंते व ग्रामस्थांच्या श्रमदानातून तो उभा राहिला आणि ज्या पाड्यांवर तोवर विजेची तार पोहोचली नव्हती तेथे दिवे लागले. 391 मेगावॅटच्या तुलनेत 15 किलोवॅट म्हणजे पंचवीस हजारांतील एक भागही नव्हे. 2006 च्या पावसाळ्यात आलेल्या पुरात सरदार सरोवराचा फुगवटा बिलगावपर्यंत चढला आणि हे वीजगृह पाण्याखाली गेले.

धरणाची भिंत पूर्ण होऊन 17 सप्टेंबर 2017 रोजी प्रकल्पाचे लोकार्पण झाले, आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय प्रथमच 138.68 मीटरपर्यंत भरला. त्यानंतर मणिबेलीपासून वरच्या बाजूच्या गावांत, जेथे जमीन उरली नाही, तेथे जलाशयातील मासेमारी हे उपजीविकेचे नवे साधन पुढे आले असून विस्थापितांच्या सहकारी संस्थांनी तिच्या हक्काची मागणी लावून धरली आहे. ज्या पाण्याचा एक टक्काही राज्याच्या वाट्याला आला नाही, त्याच्या पृष्ठभागावर जाळे टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न लवादाच्या निवाड्यात विचारलेला नव्हता.