सिलेन : संज्ञा आणि स्वभाव

सिलिकॉन व हायड्रोजन यांच्या संयुगांना ‘सिलेन’ ही संज्ञा जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी १९१६ मध्ये सुचविली. ती ‘मिथेन’, ‘इथेन’ या नावांच्या धर्तीवर घडविलेली आहे. म्हणजे संज्ञेतच एका सादृश्याचे विधान अंतर्भूत आहे. ते विधान कितपत यथार्थ आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते.

रचनेपुरते सादृश्य खरे आहे. मिथेनमधील कार्बनप्रमाणे सिलेनमधील सिलिकॉन-अणूभोवतीही चार हायड्रोजन-अणू चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंवर असतात. स्वभाव मात्र भिन्न आहे. मिथेन ठिणगीवाचून पेटत नाही. सिलेन हवेच्या संपर्कात येताच बहुधा आपोआप पेट घेतो. याचे एक कारण विद्युत्-ऋणतेत आढळते. पाउलिंग-मापनानुसार ती कार्बनची २.५५, हायड्रोजनची २.२० व सिलिकॉनची १.९० आहे. परिणामी मिथेनमधील हायड्रोजनावर किंचित धन, तर सिलेनमधील हायड्रोजनावर किंचित ऋण भार येतो. शिवाय सिलिकॉन-सिलिकॉन बंध कार्बन-कार्बन बंधाहून दुर्बल असल्याने सिलेनांच्या दीर्घ शृंखला टिकत नाहीत.

हा वायू प्रथम १८५७ मध्ये व्योलर व बुफ यांना मिळाला, पण तो हायड्रोजनमिश्रित होता. मॅग्नेशियम सिलिसाइडावर अम्लाची क्रिया करून मिळणारी सिलेने परस्परांपासून विलग करण्यासाठी श्टोक यांनी हवेचा शिरकाव होऊ न देणारी काचेची निर्वात उपकरणे योजिली. त्यांतील झडपा पाऱ्याच्या होत्या. त्या पाऱ्याची बाफ दीर्घकाळ शरीरात जाऊन श्टोक यांची प्रकृती ढासळली. या धोक्याचा जाहीर इशारा त्यांनी १९२६ मध्ये दिला.

जी अस्थिरता संशोधकास अडचणीची, तीच उद्योगास उपकारक ठरली. तापविल्यास सिलेनचे सिलिकॉन व हायड्रोजन यांत विघटन होते; म्हणून शुद्ध सिलिकॉनाचे पातळ थर देण्यास तो उपयोगी पडतो. स्पिअर व लकोम्बर यांनी १९७५ मध्ये डंडी येथे सिलेनपासून मिळविलेल्या अस्फटिकी सिलिकॉनात फॉस्फरस वा बोरॉन मिसळून त्याची विद्युत्-वाहकता नियंत्रित करता येते, हे दाखविले. त्या थरात उरलेला हायड्रोजन सिलिकॉनाचे अतृप्त बंध पुरे करतो, हे त्यामागील मर्म होय. सौरघटांना त्याचा लाभ झाला.

तात्पर्य, संज्ञा सादृश्य सुचविते, अभेद सिद्ध करीत नाही. सिलेनचा धोका आणि त्याची उपयुक्तता ही दोन्ही, नाव जेथे मौन पाळते, त्या भेदातूनच उद्भवतात.