लंडनच्या वॉटर्लू पुलाला 'लेडीज ब्रिज' का म्हणतात?

लंडनमध्ये थेम्स नदीवर वॉटर्लू पूल आहे. तिथले बोटवाले पर्यटकांना वर्षानुवर्षं सांगत आले, "हा पूल बायकांनी बांधलाय." अनेकांना ती थाप वाटायची. पण त्यात तथ्य होतं.

आधी काय होतं?

या जागी 1817 साली खुला झालेला दगडी पूल होता. त्याचे खांब खचू लागले आणि 1930 च्या दशकात तो पाडावा लागला. नवा पूल रीइन्फोर्स्ड काँक्रीटचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत आरसीसीचा ठरला. वास्तुरचना सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची.

आरसीसीच का?

काँक्रीट दाब उत्तम सहन करतं, पण ताण पडला की तडकतं. पुलावरून गाड्या गेल्या की काही भाग दाबला जातो, तर काही ताणला जातो. ताणल्या जाणाऱ्या भागात पोलादी सळ्या टाकल्या की तो ताण त्या पेलतात. म्हणूनच हा पूल कमी खांबांवर उभा आहे. बाहेरून दिसतो तो पोर्टलँड दगड. पावसाने तो आपोआप धुतला जातो, असं म्हणतात.

बायका कुठून आल्या?

काम सुरू असतानाच दुसरं महायुद्ध पेटलं. पुरुष सैन्यात गेले, मजूर मिळेनात. मग बांधकामावर मोठ्या संख्येने महिला आल्या. वरून जर्मन बॉम्बहल्ले सुरू होते आणि पुलालाही त्यांचा फटका बसला. तरी 1942 मध्ये तो अंशतः खुला झाला.

मग त्यांचं नाव का नाही?

10 डिसेंबर 1945 ला मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. भाषणात त्यांनी पूल बांधणाऱ्या पुरुषांचं कौतुक केलं. महिलांचा उल्लेखच नव्हता. युद्ध संपलं तशा त्यांच्या नोकऱ्याही गेल्या. पुढे कंत्राटदार कंपनी बंद पडली, कामगारांच्या नोंदी सापडेनात. पुरावा नाही म्हटल्यावर खरी गोष्टही दंतकथा ठरली.

पुरावा कधी मिळाला?

2005 मध्ये या महिलांवर एक माहितीपट आला. त्यानंतर इतिहासकार ख्रिस्टिन वॉल यांना जुन्या वृत्तपत्राच्या संग्रहात फोटो सापडले. त्यात पुलाच्या कामावर वेल्डिंग करणाऱ्या महिला स्पष्ट दिसतात. 2015 मध्ये इंग्लंडच्या वारसा यादीतल्या पुलाच्या नोंदीत महिलांच्या कामाचा उल्लेख झाला.

उद्घाटनाला तोवर 70 वर्षं होत आली होती.